‘दुओना’ म्हणजे काय? एका लिथुआनियन शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिथुआनियाच्या लोकांच्या रोजच्या जेवणात एक काळपट, आंबूस, जड पाव असतो. त्याला ते ‘दुओना’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘धान’चा दूरचा पण अगदी खरा नातेवाईक आहे. हे सांगितलं की दर वेळी तेच तेच प्रश्न येतात. काही नेमके असतात, काही फॉरवर्ड वाचून आलेले. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र देते आहे.

उच्चार कसा करायचा?

‘दुओ’ एका दमात म्हणायचं. ‘दु’ आणि ‘ओ’ असे दोन तुकडे पाडायचे नाहीत, ‘उ’वरून घसरत ‘ओ’वर यायचं. जोर या पहिल्या अक्षरावरच. शेवटचा ‘ना’ आखूड, जवळजवळ ‘न’सारखा. शब्द स्त्रीलिंगी आहे आणि संस्कृतातल्या ‘माला’, ‘शाला’ यांच्यासारखा आ-कारान्त चालतो. ‘भाकरीचा’ किंवा ‘थोडी भाकरी’ म्हणायचं असेल तर त्याचं ‘दुओनोस’ होतं. हे रूप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुओना म्हणजे पाव की भाकरी?

शब्दकोशात बघाल तर पाव. पण त्या घरांत तिची जी जागा आहे ती आपल्याकडे भाकरीची आहे. जुन्या बोलण्यात नुसतं ‘दुओना’ म्हटलं की रायच्या पिठाचा काळा पावच समजायचे. गव्हाचा पांढरा पाव हा सणावाराचा पदार्थ, त्याला वेगळं नाव होतं. ज्वारीच्या मुलखात आजीला गव्हाच्या पोळीचं जे कौतुक असायचं, तेच. आज दुकानात पांढऱ्या पावालाही दुओना म्हणतात, तरी ‘रुगिने दुओना’ म्हणजे रायची दुओना हीच खरी, असं मानणारे भरपूर आहेत.

इथे एक खुलासा करायलाच हवा, कारण हा गोंधळ नेहमी होतो. राय हे गहू-सातूच्या जातीचं धान्य आहे. फोडणीतली राई म्हणजे मोहरी, तिचा याच्याशी काही संबंध नाही. लिथुआनियात रायचं महत्त्व किती, ते कॅलेंडरवर दिसतं. ऑगस्ट महिन्याचं नाव ‘रुगप्यूतिस’, म्हणजे राय कापण्याचा महिना, आणि सप्टेंबरचं ‘रुगसेयिस’, म्हणजे राय पेरण्याचा. एका धान्याच्या नावावर वर्षातले दोन महिने!

हा शब्द आला कुठून?

कुठून आला असं म्हणण्यापेक्षा, तो तिथेच होता असं म्हणायला हवं. दुओना कुणाकडून उसना घेतलेला नाही. लिथुआनियन, संस्कृत, फारसी, लॅटिन, ग्रीक या सगळ्या भाषा ज्या एका जुन्या भाषेतून फुटल्या, तिच्यात धान्याच्या दाण्यासाठी एक शब्द होता. त्याची एक फांदी बाल्टिक समुद्राच्या काठी ‘दुओना’ झाली, दुसरी वेदांमध्ये ‘धाना’ झाली. मध्य आशियातल्या तारीम खोऱ्यात बोलली जाणारी तोखारी भाषा आता मेली, पण तिच्या जुन्या लिखाणात ‘तानो’ म्हणजे दाणा असा शब्द सापडतो. तोही याच घरातला.

संस्कृतातलं ‘धाना’ बहुधा अनेकवचनात येतं, ‘धानाः’, आणि वेदात त्याचा नेहमीचा अर्थ भाजलेले सातूचे दाणे असा आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात बावन्नावं सूक्त आहे. त्याची सुरुवातच ‘धानावन्तं करम्भिणमपूपवन्तम्’ अशी होते. इंद्राला सकाळच्या सोमाबरोबर भाजलेले दाणे, करंभ, म्हणजे दह्यात कालवलेलं पीठ, आणि अपूप, म्हणजे घारग्या-अनारशांचा पूर्वज, हे सगळं खायला बोलावलं आहे. दाणे आणि त्याच्या शेजारी भाजून केलेला पदार्थ, असे एकाच ताटात.

मला याहून आवडणारा उतारा छांदोग्य उपनिषदातला आहे. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचं फळ आणायला सांगतो. ते फोडायला लावतो आणि विचारतो, यात काय दिसतं? मुलगा म्हणतो, ‘अण्व्य इवेमा धाना भगवः’, बारीक बारीक दाणे दिसतात. त्यातलाही एक दाणा फोड, आता काय दिसतं? काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’तून एवढा मोठा वड उभा आहे, असं बाप समजावतो. तिथला ‘धाना’ आणि आज लिथुआनियाच्या राजधानीतल्या, विल्निअसच्या बेकरीतली ‘दुओना’ हे एकाच शब्दाचे दोन वंशज.

पण ‘दुओना’ तर ‘दान’सारखा वाटतो. अन्नदान, देवाचं दान… तसंच ना?

नाही. पण प्रश्न इतका साहजिक आहे की खुद्द लिथुआनियन माणसालाही तो पडतो. त्यांच्या भाषेत ‘देणे’ म्हणजे ‘दुओति’, आणि ते लोक रोज ख्रिस्ती प्रार्थनेत जे म्हणतात त्यात दोन्ही शब्द खेटून येतात. ‘कास्दिएनेस मूसू दुओनोस दुओक मुम्स’, आमची रोजची भाकरी आम्हाला दे. रोज असं कानावर पडलं की दुओना म्हणजे ‘जे दिलं जातं ते’, असं मनात बसणारच.

उलगडा संस्कृतामुळे होतो. लिथुआनियनमध्ये ‘ध’ उरला नाही, तो ‘द’मध्ये मिसळून गेला. आपल्या ‘धूम’ला तिथे ‘दूमाइ’ म्हणतात, ‘मधु’ला ‘मेदुस’. आणि जिथे आपल्याकडे मुळात ‘द’ आहे तिथे त्यांच्याकडेही ‘द’च: देव म्हणजे ‘दिएवस’, दंत म्हणजे ‘दंतिस’, ‘दा’ म्हणजे देणे हे ‘दुओति’. म्हणजे नुसती लिथुआनियन बघून ‘दुओना’तला द मूळचा द आहे की ध, हे ठरवताच येत नाही. संस्कृतात मात्र दोन्ही वेगळे जपले गेले. तिथे धान्याच्या शब्दात ‘ध’ आहे, देण्याच्या शब्दात ‘द’. म्हणून दुओनाचं नातं ‘धाना’शी, ‘दान’शी नव्हे.

आपल्याकडेही असंच एक लाडकं पण चुकीचं स्पष्टीकरण आहे. पायांनी पीठ मळतात म्हणून ‘पाव’! लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं. प्रत्यक्षात पाव हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द आहे, पायाचा त्याच्याशी संबंध नाही.

हे नातं जुळवून आणलेलं नाही कशावरून?

कारण नियम एका शब्दापुरता नाही. ‘दुओ’मधला तो घसरता स्वर संस्कृतातल्या ‘आ’च्या जागी पुन्हा पुन्हा येतो. दगडाला संस्कृतात ‘अश्मा’, लिथुआनियनमध्ये ‘आक्मुओ’. कुत्र्याला ‘श्वा’, तिथे ‘शुओ’. ‘मी देईन’ म्हणजे ‘दास्यामि’, तिथे ‘दुओसिउ’. व्यंजनांचा हिशेब वर दिलाच आहे, अर्थही जुळतो. दोन शब्द नुसते सारखे ऐकू येणं हा पुरावा नव्हे. फरकसुद्धा ठरलेल्या शिस्तीनं पडत असेल तर तो पुरावा. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही एकच गोष्ट पक्की डोक्यात बसवण्यासारखी आहे.

मग मराठीतला ‘दाणा’? तो तर दुओनाच्या आणखी जवळचा वाटतो.

जवळचा वाटतो आणि नातंही आहे, फक्त वाट वेगळी. ‘दाणा’ आपल्याकडे फारसी ‘दाना’वरून आला. इराणी भाषांमध्येही ‘ध’चा ‘द’ झाला, जसा लिथुआनियनमध्ये झाला. त्यामुळे ती दोघं एकमेकांसारखी दिसू लागली. धान्य, धान, धणे हे शब्द संस्कृत-प्राकृताच्या वाटेनं आले, म्हणून त्यांच्यात ‘ध’ टिकला. किराणा दुकानात आपण ‘धणे आणि शेंगदाणे द्या’ म्हणतो, तेव्हा एकाच शब्दाची दोन रूपं शेजारी शेजारी मागत असतो. एक इथलंच, दुसरं इराण फिरून आलेलं.

दात आणि भाकरीची एक म्हण सांगतात ती कोणती?

ही म्हण लिथुआनियन शिकणाऱ्या प्रत्येक भारतीयाला कुणी ना कुणी ऐकवतंच:

‘दिएवस दावे दंतिस, दिएवस दुओस दुओनोस.’

देवानं दात दिले, देव भाकरीही देईल. अभ्यासक याच्या शेजारी संस्कृत वाक्य मांडतात: ‘देवः अददात् दतः, देवः दास्यति धानाः’. एकेक शब्द जुळतो. इतकंच काय, ‘दुओस’मधला भविष्यकाळाचा ‘स’ आणि ‘दास्यति’मधला ‘स्य’ हेही एकच. मात्र नीट ध्यानात घ्या, हे संस्कृत वाक्य तुलनेसाठी बनवलेलं आहे. ते कुठल्या प्राचीन ग्रंथात नाही. लिथुआनियन म्हण मात्र खरी, लोकांच्या तोंडची.

मराठीतही ती सहज बसते: ‘देवानं दिले दात, देव देईल धान.’ चारही शब्द त्याच घरचे. अर्थाच्या अंगानं बघाल तर ‘चोच दिली तो चाराही देईल’ हीच ती म्हण, फक्त आपण माणसाच्या दाताऐवजी पाखराची चोच घेतली. आणि दात-दाण्याची जोडी आपल्याकडे वेगळ्या सुरात आहेच: ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.’ एका म्हणीत भरवसा आहे, दुसरीत हळहळ.

लिथुआनियन संस्कृतातून निघाली, हे खरं का?

खरं नाही. ती संस्कृताची मुलगी नाही, चुलत बहीण आहे. शेजारच्या लाटव्हिया देशातली लाटव्हियन तिची सख्खी बहीण. फॉरवर्डमध्ये येतं त्याप्रमाणे तिथले लोक संस्कृत बोलत नाहीत आणि आपण बोललेलं त्यांना कळतही नाही.

तरी नवल वाटावं अशी गोष्ट आहेच. लिथुआनियनमधलं पहिलं छापील पुस्तक १५४७ सालचं, मार्तिनस माझ्विदस यांनी केलेली ख्रिस्ती प्रश्नोत्तरी, तीही लिथुआनियाबाहेर कोनिग्जबर्गला छापलेली. म्हणजे ऋग्वेदानंतर कितीतरी शतकांनी ही भाषा छापून आली. आणि तरीही तिच्यात जुनी विभक्तिरूपं, जुने स्वर टिकून होते, ते शेतकऱ्यांच्या बोलण्यात. १८५२ साली आउगुस्ट श्लायशर हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ पूर्व प्रशियातल्या लिथुआनियन खेड्यांमध्ये जाऊन राहिले, लोकांकडून भाषा शिकले आणि १८५६ साली त्यांनी तिचं शास्त्रीय व्याकरण प्रसिद्ध केलं. ग्रंथांमध्ये नव्हे, शेतात आणि चुलीपुढे जपलेली भाषा होती ही. दुओनासारखा शब्द अशाच ठिकाणी टिकतो.

दाण्याची भाकरी कशी झाली?

ज्या धान्यावर घर जगतं, त्या धान्याचं नाव ताटातल्या पदार्थाला लागतं. लाटव्हियनमध्ये पावाला ‘माइझे’ म्हणतात, तो शब्द सातूच्या नावाशी जोडलेला आहे. उलट ‘दोना’ हा दुओनाचा भाऊ तिथे पावाचा तुकडा, कडेची कापी एवढ्याच अर्थाला उरला. आपल्याकडेही अर्थ असाच सरकतो. धान म्हणजे खरं तर कुठलंही धान्य, पण भंडारा-गोंदियाकडे धान म्हटलं की भाताचंच पीक.

बाकी धान्यालाही लिथुआनियन शब्द ओळखीचा आहे. उभ्या पिकाला, धान्याला एकत्रितपणे ‘यवाइ’ म्हणतात. हा आपला ‘यव’. आपण तो सातूपुरता ठेवला, त्यांनी सगळ्या तृणधान्यांना लावला.

शेजारच्या रशियन-पोलिश भाषांत हाच शब्द आहे का?

नाही. तिथे ‘ख्लेब’, ‘ख्लेप’ म्हणतात आणि तो शब्द जुन्या जर्मानिक भाषेतून आलेला आहे.

आणि आपला पाव?

वरच्या म्हणीचं लॅटिन रूप बघा: ‘देउस देदित देंतेस, देउस दाबित पानेम.’ देव, देणे, दात हे तिन्ही शब्द इथेही जुळतात, शेवटचा मात्र वेगळा निघतो: ‘पानेम’, म्हणजे भाकरी. हेच लॅटिन ‘पानिस’ पोर्तुगीजमध्ये बदलत बदलत गोव्यात उतरलं आणि आपल्या तोंडी ‘पाव’ झालं. सकाळी सायकलचा भोंगा वाजवत येणारा गोव्याचा पोदेर जे विकतो, त्याचं नाव लॅटिनच्या घरचं. ज्या दाण्याचं पीठ होतं त्याचं नाव आपल्या घरचं, आणि लिथुआनियाच्याही.

दुओनाचे आणखी कोणते अर्थ आहेत?

पोटापाण्याचा धंदा, उपजीविका, हा सगळ्यात मोठा. मराठीत ‘भाकरीसाठी वणवण’ म्हणतो तसंच. घरातल्या कमावत्या माणसाला ‘दुओनपेल्निस’ म्हणतात, म्हणजे भाकरी कमावणारा. फार कष्ट न करता मिळणाऱ्या कमाईला ‘लेंग्वा दुओना’, हलकी भाकरी. मधमाश्या पोळ्यात जे परागकण साठवून आंबवतात, त्यांना ‘मधमाश्यांची दुओना’ म्हणतात. लिथुआनियन भाषेत मधमाशीचा मान वेगळाच आहे. इतर जनावरांच्या मरण्याला एक शब्द आणि माणसाच्या मरण्याला ‘मिर्ति’ हा दुसरा. तो आपल्या ‘मृ’चा भाऊ. मधमाशी मेली तर माणसासाठीचा ‘मिर्ति’ वापरतात.

लाडानं म्हणायचं तर ‘दुओनेले’. आपण ‘भाकरी’ न म्हणता ‘चतकोर भाकर’ म्हणताना आवाज जसा मऊ होतो, तसं काहीसं.

दुओना करतात कशी? तिच्या भोवतीचे शब्द सांगाल का?

जुन्या शेतघरात आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा भट्टी लागायची. पीठ भिजवायला लाकडी पिंप, ‘दुओनकुबिलिस’. ते खरवडून स्वच्छ धूत नसत, कारण मागच्या खेपेचं आंबवण, ‘रौगस’, त्याच्या फळ्यांनाच चिकटून असायचं. विरजणाचं भांडं आपण कसं जपतो ते आठवा. रायचं पीठ कणकेसारखं ताणलं जात नाही, चिखलासारखं हाताला लागतं. म्हणून हात पाण्यात बुडवून वरून गुळगुळीत करतात. पहिल्या पावावर बोटानं क्रूसाची खूण करायची रीत होती. मग लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर, ‘लिझे’वर, पानं पसरून त्यावर गोळा ठेवून भट्टीत सरकवायचा.

ही पानं कोबीची, ओकची किंवा ‘आयेराइ’ची. आयेराइ म्हणजे आपलं वेखंड! बाळाला उगाळून लावतात तेच. तिथे ते तळ्याकाठी वाढतं, तलवारीसारखी लांब पानं. मी पहिल्यांदा असा पाव उलटा करून बघितला तेव्हा खालच्या करपट सालीवर पानांच्या शिरा सरळ रेघांसारख्या उमटल्या होत्या. नाकाजवळ नेला तर आंबूस वास, मागून शहाजिऱ्याचा, आणि अगदी पुसट असा तो बाळंतिणीच्या खोलीतला वास.

भाजणाऱ्याला ‘दुओनकेपिस’ म्हणतात. त्यातलं ‘केप्ति’ म्हणजे भाजणे हे संस्कृतातल्या ‘पच्’चं नातेवाईक आहे, फक्त ‘प’ आणि ‘क’ यांनी जागा बदलल्या. खेड्यात ‘नुकसान’चं ‘नुसकान’ होतं तसंच. म्हणजे दुओनकेपिस म्हणजे ‘धाना’ आणि ‘पच्’, दोन्ही एका शब्दात.

पाव खाली पडला तर त्याची पापी घेतात, हे खरं?

हो, उचलून ओठाला लावायची रीत आहे. पाव पालथा ठेवायचा नाही, तो अपमान समजतात. नवरा-नवरी घरी आले की दारात दुओना आणि मीठ घेऊन उभं राहायचं. ५ फेब्रुवारीला संत आगाताच्या दिवशी चर्चमध्ये पाव मंत्रून आणतात आणि त्याचा तुकडा घरात जपून ठेवतात, आगीपासून राखण म्हणून. कुठे आग लागली तर हा तुकडा तिच्यात टाकायचा, अशी समजूत. ज्या घरात अन्नाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करायला शिकवतात, तिथे हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

एक गोष्ट मात्र जड मनानं सांगावी लागते. १४ जून १९४१ रोजी सोव्हिएत सत्तेनं लिथुआनियातून लोकांना मोठ्या संख्येनं सायबेरियाकडे हद्दपार करायला सुरुवात केली. पुढची अनेक वर्षं छावण्यांमध्ये आणि तुरुंगांमध्ये मोजून पाव मिळायचा. त्या मोजक्या पावातला मऊ भाग मळून कैद्यांनी जपमाळेचे मणी केले. अशा माळा लिथुआनियात जपून ठेवल्या आहेत. पोटात भूक असताना त्यांनी तो पाव खाल्ला नाही, त्याचे दाणे केले.

मराठीत भाषांतर करताना ‘दुओना’ला काय म्हणावं?

बेकरी, दुकान, सँडविच यांचा विषय असेल तर ‘पाव’. प्रार्थना, म्हण, पोटापाण्याचा विषय असेल तर बिनदिक्कत ‘भाकरी’. ‘ब्रेड’ मात्र लिहू नये असं मला मनापासून वाटतं, कारण त्या शब्दासरशी डोळ्यांपुढे प्लास्टिकच्या पिशवीतल्या पांढऱ्या चौकोनी कापा येतात. आणि जिथे वाक्यात देव आणि दात दोन्ही असतील, तिथे ‘धान’ बसतं का ते आधी बघावं.